एकेचाळीस नंबरची शीट

धाकटी शहराच्या ट्रामची मुख्य अभियंता झाली, ही बातमी दादांना घरी कळली नाही, पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फलकावर कळली. धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण, सात वर्षांनी लहान. आदल्या दिवशी तिनं आईला फोन केला होता आणि दादाला मी स्वतः सांगणार आहे, तू बोलू नकोस, असं बजावलंही होतं. पण ऑफिसातल्या कारकुनानं सकाळी साडेदहालाच कागद फलकावर टाचला. दादा डबा ठेवायला जाताना तिथं चार माणसं घोळक्यानं उभी दिसली, म्हणून तेही डोकावले. चौघांनी वळून पाहिलं आणि अभिनंदन केलं. दादा हसले. ते हसू ओठांवर कसंबसं धरून ते आपल्या टेबलापर्यंत पोहोचले आणि दुपारपर्यंत एकच पेन्सिल तासत बसले.

दादा नगररचना विभागात आरेखक होते. चौतीस वर्षं नोकरी झाली होती. शहराचे चौसष्ट शीटांचे नकाशे त्यांच्या हातचे. कुठल्या गल्लीत कोणती पाण्याची लाइन किती खोल आहे, कोणत्या घराची पायरी रस्त्यावर हातभर पुढे आली आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. सगळं ऑफिस त्यांना दादाच म्हणायचं. शिपायापासून साहेबांपर्यंत. आता त्यांच्या बहिणीला तेच ऑफिस मॅडम म्हणणार होतं, आणि दादांनाही ते म्हणावं लागणार होतं.

लोकांना दादा सांगत की घरासाठी शिक्षण सोडलं. वडील होते तोवर ते हे कुणासमोर बोलत नसत, कारण वडिलांनी लगेच दुरुस्ती केली असती. खरी गोष्ट अशी की अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गणितात ते दोनदा गटांगळ्या खाऊन नापास झाले आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेच नाहीत. हात मात्र सुंदर होता. रेघ अशी यायची की मास्तर वर्गात कागद फिरवायचे. त्या जोरावर पालिकेत लागले. त्यांच्यानंतर सात वर्षांनी धाकटी त्याच कॉलेजात गेली, त्याच गणितात पहिली आली, आणि त्या दिवशी घरात सगळे हसत असताना दादा गच्चीवर जाऊन टाकी धूत बसले. टाकी चार दिवसांपूर्वीच धुतलेली होती.

तेव्हापासून धाकटीचं यश त्यांच्या डोळ्यांत खुपत आलं होतं. तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. तिला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे तेच उशाशी बसले होते. पण आजारी बहीण सांभाळणं त्यांना जमत होतं, पुढे गेलेली बहीण जमत नव्हती. ती परगावी मोठ्या प्रकल्पांवर होती तोवर हे दुखणं लांब होतं. आता ते शेजारच्या केबिनमध्ये येऊन बसलं.

पहिल्याच दिवशी ती त्यांच्या टेबलापाशी आली आणि दादा म्हणून हाक मारली. दादा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"बोला मॅडम."

"अरे, मॅडम काय म्हणतोस?"

"ऑफिसची पद्धत आहे, मॅडम."

आजूबाजूच्यांनी माना खाली घातल्या. धाकटीचा चेहरा पडला. दादांना त्या दिवशी डबा फार गोड लागला.

कागदोपत्री ट्रामला 'हलकी रेल्वे' म्हणत, लोकांच्या तोंडी ती ट्रामच होती. स्टेशनपासून वरच्या वस्त्यांपर्यंत साडेनऊ किलोमीटर. मार्ग तीन सुचवले होते. एक नदीकाठानं, तो पुराच्या भीतीनं पहिल्याच महिन्यात बाद झाला. दुसरा रिंग रोडनं. रस्ता रुंद, पाडापाडी नाही, कुणाची तक्रार नाही. नगरसेवकांना तोच हवा होता. फक्त रिंग रोडवर माणसं राहत नव्हती. तिसरा गावातून, बाजाररस्ता, छापखाना रस्ता आणि मग मोठं इस्पितळ. हा अडचणीचा. दुकानदार रागावणार, रस्ते अरुंद. पण धाकटीनं दोन महिने माणसं लावून बसथांब्यांवर मोजणी केली आणि तिसऱ्या मार्गावर बोट ठेवलं. शहरातली निम्मी पायपीट त्याच पट्ट्यात होते, असं तिचं म्हणणं.

तिच्या मार्गाची निळी रेघ पडद्यावर पाहिली तेव्हा दादांच्या छातीत काहीतरी लकाकलं. रेघ छापखाना रस्त्यावरून जात होती. आणि छापखाना रस्त्याखाली काय आहे, हे त्या इमारतीत एकट्या दादांना माहीत होतं.

आठ वर्षांपूर्वी कागदाचे नकाशे कॉम्प्युटरवर चढवले, तेव्हा ते काम बाहेरच्या माणसांना दिलं होतं. दादांना कुणी विचारलं नाही. एकेचाळीस नंबरची शीट ओल लागून एका बाजूनं विरली होती. त्या माणसांनी शेजारच्या शीटांच्या कडा जुळवल्या, मधले रस्ते भरून घेतले, आणि जमिनीखालचं जे काही होतं ते सोडून दिलं. दादांनी तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, चालेल. मग दादांनी ती शीट रद्दीतून उचलली, पाठीमागून कापड लावून सांधली आणि आपल्या खालच्या खणात ठेवून दिली. त्या शीटवर छापखाना रस्त्याच्या पहिल्या दोनशे मीटरखाली विटांच्या कमानीचा जुना कालवा होता. कधीकाळी रंगाच्या कारखान्यांना पाणी नेणारा, आता कोरडा, पोकळ. त्या रस्त्यावर ट्रकना बंदी होती, पण ती का आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. चाळीस टनांची ट्राम त्या कमानीवरून जाणं शक्य नव्हतं.

सांगायला एक मिनिट लागलं असतं. दादांनी ते मिनिट पुढे ढकललं. मग तो दिवस, मग आठवडा. स्वतःशी त्यांनी हिशेब मांडला की काम सुरू होण्याआधी माती तपासायला जमिनीत बोअर घेतीलच, तेव्हा कळेलच. कुणी मरणार नाही. फक्त मार्ग मंजूर होऊन, पेपरात छापून आल्यावर, सगळ्या शहरासमोर मॅडमची फजिती होईल. हा विचार त्यांनी जिभेवर खडीसाखरेसारखा घोळवला.

रविवारी धाकटी घरी जेवायला येई. आई अठ्ठ्याहत्तरची, दादांकडेच राहायची. तिचं औषध, तिचे डोळ्यांचे थेंब, तिची पेन्शनची रांग, सगळं दादा आणि त्यांची बायको बघायचे. पण धाकटी दारात आली की आईचा चेहरा उजळायचा. दमलीस का, खाल्लंस का, पाय वर घेऊन बस. पेपरात आलेला धाकटीचा फोटो आईनं कापून चष्म्याच्या डबीत ठेवला होता. चष्मा काढताना रोज तो दादांना दिसायचा. मला चौतीस वर्षांत कुणी दमलास का विचारलं नाही, असं त्यांनी एकदा बायकोला ऐकवलं. बायको म्हणाली, मी रोज विचारते. दादा म्हणाले, ते वेगळं.

मार्गावरच्या जाहीर सुनावणीच्या दहा दिवस आधी धाकटी पुन्हा त्यांच्या टेबलापाशी आली. संध्याकाळचे सहा वाजले होते, हॉल रिकामा होता. तिनं समोरची खुर्ची ओढली, छापखाना रस्त्याचा कागद पसरला आणि म्हणाली, "दादा, या भागात जमिनीखालचं सगळं कोरं दिसतंय. जुन्या वस्तीत इतकं कोरं नसतं. तुला काही आठवतं का? तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही."

ती एकेचाळीस नंबरची शीट तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती, मध्ये खणाची फळी तेवढी. दादांना एक क्षण वाटलं की खण उघडावा. आणि तिच्या त्या शेवटच्या वाक्यानंच त्यांचा हात धरला. तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, हे ती इतक्या सहज म्हणाली होती, की जणू ती त्यांना बक्षीस देत होती. बक्षीस देणारा हात वरचा असतो.

"कॉम्प्युटरवर आहे ते सगळं आहे, मॅडम," दादा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, कागदाची घडी केली आणि गेली.

सुनावणी नाट्यगृहात होती. पाचशे खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे होते. बायको आईला घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. दादा मागे, दाराजवळ. काखेत पुठ्ठ्याची नळी आणि नळीत ती शीट. ती का आणली, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. काही बोलायचं ठरलेलं नव्हतं. सकाळी निघताना हात आपोआप खणाकडे गेला होता, इतकंच.

धाकटी चांगलं बोलली. आकडे कमी, माणसं जास्त. दुकानदारांना तिनं सांगितलं की दीड वर्ष त्रास होईल, मी त्रास होणार नाही असं खोटं सांगणार नाही. त्यावर चिडलेले लोकही शांत झाले. मग एका रखवालदारानं माइक मागितला. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा तिला इस्पितळात न्यायचा, दोन बस बदलून. तो म्हणाला, रिंग रोडच्या ट्राममधून मला मोकळी हवा मिळेल, पण मला हवा नको, इस्पितळ हवं. लोक हसले आणि मग टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबेनात. आई मागच्या रांगेकडे वळली आणि एका अनोळखी बाईला मोठ्यानं म्हणाली, "माझी मुलगी."

दादा तिथून दहा रांगा मागे होते. आईची नजर त्यांच्यावरून गेली. ती थांबली नाही.

पुढचं दादांना नीट आठवत नसे. पाय चालू लागले, गर्दी बाजूला झाली, ते मंचाच्या पायऱ्या चढले. नळीतून शीट काढून त्यांनी टेबलावर पसरली, दोन्ही कडांवर पाण्याचे ग्लास ठेवले आणि माइक हातात घेतला.

"मॅडमचा मार्ग पोकळीवरून जातो," ते म्हणाले. "छापखाना रस्त्याखाली दोनशे मीटर कालवा आहे. ट्राम कमानीतून खाली जाईल."

धाकटी वाकून शीट पाहत होती. रेघेवरून बोट फिरवत ती कोपऱ्यापर्यंत गेली. कोपऱ्यात दादांची बारीक सही होती, चौतीस वर्षांपूर्वीची. ती सरळ उभी राहिली. माइक तिच्यासमोरही होता आणि तो चालू होता.

"दादा, ही शीट तुझ्याकडे होती?"

"हो."

"मी विचारलं तेव्हाही?"

नाही म्हणता आलं असतं. काल सापडली, असं म्हणता आलं असतं. पण पुढच्या रांगेत आई चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवत होती.

"हो," दादा म्हणाले.

धाकटीनं मान हलवली. मग तिनं सभेला सांगितलं की छापखाना रस्त्याखाली पोकळी असल्याचं समोर आलं आहे, सबब हा मार्ग या स्वरूपात मागे घेत आहे, आणि ही माहिती दिल्याबद्दल पालिकेच्या आरेखकांचे आभार. आरेखकांचे. दादांनी इतके महिने बोललेले सगळे मॅडम त्या एका शब्दानं फिटले.

बाहेर रिंग रोडवाले दोन नगरसेवक धावत आले. एकानं त्यांचा हात हातात घेतला, दुसऱ्यानं पाठीवर थाप मारली, काम केलंत म्हणाला. दादांना त्या थापेची जागा घरी पोहोचेपर्यंत जाणवत होती. तो रखवालदार फाटकापाशी उभा होता. त्यानं दादांकडे रागावून पाहिलं नाही, नुसती वाट दिली.

घरी तीन दिवस आई त्यांच्याशी बोलली नाही. पाणी हवं असलं तर सुनेला हाक मारायची. चौथ्या दिवशी दुपारी दादा तिच्या डोळ्यांत थेंब घालायला बसले, तेव्हा डोळे मिटूनच ती म्हणाली, "तुला माझ्याकडून काय कमी पडलं ते आत्ता सांगून टाक. अजून मला ऐकू येतंय."

छप्पन्न वर्षांच्या दादांनी बाटलीचं झाकण लावलं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून त्यांनाच लाज वाटली. "तू तिचा फोटो डबीत ठेवतेस."

"तुझा पेपरात आला नाही कधी."

"माझे नकाशे आहेत. सगळ्या शहराचे आहेत."

"मग मला दाखवलेस कधी?" आई म्हणाली. "ती शेंबड्या वयापासून वही घेऊन नाचत यायची. तू घरी आलास की दार लोटून घ्यायचास. मी काय दारावर कान लावून बसायचं होतं?"

खरंच दाखवले नव्हते. विचारलं तर दाखवू, असं म्हणून ते चौतीस वर्षं विचारण्याची वाट बघत बसले होते.

ऑफिसात चौकशी लागली. कोणी टोमणे मारले नाहीत, हेच जास्त जड गेलं. टेबलापाशी येणारे येईनासे झाले. रिंग रोडचा ठराव पुढच्या महिन्याच्या सभेवर आला. दादांनी आठवड्याची रजा टाकली, आणि घरी न बसता रोज दुपारी मोजणीचं चाक ढकलत छापखाना रस्त्यावर फिरू लागले. पहिले दोन दिवस ते फक्त फिरले. रखवालदाराची वाट त्यांनी त्याच्यासारखी चालून पाहिली: एक बस, मग चौक ओलांडून दुसरी, मग चढ. आजारी बाईला घेऊन ती वाट कशी होत असेल, हे त्यांना बाजाराच्या कोपऱ्यावर दम लागला तेव्हा समजलं. तिसऱ्या दिवशी ते बंद छापखान्याच्या पाठीमागे शिरले. तिथं कागदाच्या गोदामाचं लांबट आवार होतं. दोन्ही टोकांना फाटकं, मधे गवत आणि गंजलेले दोन वजनकाटे. जागा पालिकेचीच, भाडेपट्टा कधीच संपलेला. एकेचाळीस नंबरच्या शीटवर त्या आवाराखाली घट्ट मुरूम दाखवला होता. स्वतः दादांनीच दाखवला होता.

चार दिवस त्यांनी जेवणाच्या टेबलावर काम केलं. आई खुर्ची ओढून शेजारी बसली आणि ही रेघ कसली, ती कसली, विचारत राहिली. दादांनी आधी तुटक, मग सविस्तर सांगितलं. त्या भागातली बंद झालेली जुनी शाळा कुठे होती, ते आईनं त्यांना सांगितलं. ते त्यांनाही माहीत नव्हतं.

रजा संपल्यावर ते धाकटीच्या केबिनमध्ये गेले आणि कागद तिच्यासमोर ठेवला. बाजाररस्त्यावरून आत वळण, गोदामाच्या आवारातून सरळ, कालवा डावीकडे गेल्यावर पुन्हा छापखाना रस्त्यावर आणि इस्पितळ. तिनं बसायला सांगितलं नाही.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"जाऊ नये."

"का केलंस?"

दादा उभ्याउभ्या म्हणाले, "हेवा. तुझ्या गणिताच्या पेपरापासून."

"ते मला माहीत आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. लपलंय असं फक्त तुलाच वाटत होतं." "मी विचारत होते ते तू सांग म्हणून. मला बाकीच्यांवर भरवसा नव्हता."

तिनं कागद आपल्याकडे ओढला. मग पट्टी घेतली आणि वळणावर ठेवली.

"घट्ट आहे. त्रिज्या बावीस मीटर. पंचवीस लागतात."

"मागची भिंत कच्ची आहे. तीन मीटर सरकेल."

"दाखव."

दोघं गेली. टेपचं एक टोक तिनं धरलं, एक त्यांनी. भिंत साडेतीन मीटर सरकत होती. परत येताना ती पुढे चालत होती, ते मागे.

वळणाचा मार्ग सभेत दोन मतांनी मंजूर झाला. दादांच्या सेवापुस्तकात माहिती दडवल्याबद्दल ठपका नोंदला गेला. शिफारस धाकटीनं स्वतः लिहिली, स्वतः सही केली, आणि नोकरीची शेवटची दोन वर्षं त्यांना तळमजल्यावर चौसष्ट शीट कॉम्प्युटरशी ताडून पाहण्याच्या कामाला लावलं. ही शिक्षा होती की काम, हे त्यांनी तिला विचारलं नाही. आणखी अकरा चुका निघाल्या. त्यांतल्या एकीमुळे एका शाळेची नवी इमारत वीस फूट बाजूला घ्यावी लागली.

ट्राम सुरू झाली त्या सकाळी दादा निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. धाकटी मंचावर होती, फुलं, कॅमेरे, सगळं तिच्याभोवती. दादा गर्दीत उभे होते आणि तो जुना काटा पुन्हा टोचलाच. ते दचकले नाहीत. या वयात तो जाईल अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. त्यांनी आईच्या कोपराला हात दिला आणि तिला पायरी चढवून आत बसवलं.

गोदामाच्या वळणावर चाकं किंचाळतात. साडेतीन मीटर भिंत सरकवूनही ते वळण तसं घट्टच राहिलं. आजूबाजूचे लोक पालिकेला तक्रारी लिहितात, आणि धाकटी त्या पाकिटात घालून दादांकडे पाठवते, वर एका ओळीत लिहून: तुझं वळण, तूच बघ. दादा तेलाचं वंगण सुचवतात, वेग ताशी बारावर आणायला सांगतात. मागच्या महिन्यात त्यांनी उत्तराच्या खाली लिहिलं की रविवारी जेवायला ये, आई आठवण काढते. ती आली. जेवताना फार बोलणं झालं नाही, पण निघताना दारात चपला घालत ती म्हणाली, "दादा, स्टेशनपाशी पुढचा फाटा काढायचाय. बघायला येशील का उद्या?"

दादा म्हणाले, किती वाजता ते सांग.